नंतर हिला घेणार कोण

गाडी घ्यायची असं ठरल्यावर आमच्या घरात दोनच प्रश्न उरले. ती आमचा चढ चढेल का, हा माझा. आणि विकताना तिला काय भाव येईल, हा दादाचा. बाबांना कोणी काही विचारलं नव्हतं. खरं तर गाडी त्यांच्यासाठीच घ्यायची होती.

आमचं घर दगडाच्या खाणीच्या वर आहे. बाबांनी आयुष्यभर त्या खाणीत डंपर चालवला. खाण बंद पडली तेव्हा मालकांनी कामगारांना वरच्या जागा स्वस्तात देऊन टाकल्या, आणि बाबांनी खाणीतलाच टाकाऊ दगड वापरून घर बांधलं. बाकीचे लोक हळूहळू खाली उतरले, जिथे डांबर आहे, दुकानं आहेत. आम्ही राहिलो. डांबर संपतं तिथून खाणीचा जुना रस्ता वर येतो. आधी एक ओढा, मग चिकणमातीचा लांबलचक चढ, आणि चढाच्या टोकाला असं वळण की मोठा ट्रक एका दमात वळत नाही. आई गेली ती याच घरात. मी आधी शाळेची गाडी चालवायचे. बाबांचं दुखणं वाढलं तसं ते सोडलं, वर येऊन राहिले, आणि घरबसल्या ट्रकांच्या ताडपत्र्या शिवायला लागले.

बाबांच्या दोन्ही किडन्या गेल्या होत्या. आठवड्यातून तीनदा त्यांना खाली शहरात डायलिसिसला न्यावं लागायचं. इतके दिवस खालच्या वस्तीतला एक ट्रॅक्टरवाला आम्हाला ट्रॉलीत बसवून डांबरापर्यंत सोडायचा. त्याने ट्रॅक्टर विकला आणि आमचं घोडं अडलं.

दादा म्हणाला, "बाबा, माझ्याकडे चला. मुलांची खोली तुम्हाला देतो. हॉस्पिटल दहा मिनिटांवर आहे."

बाबा ओट्यावर बसले होते. ते म्हणाले, "नको रे. तुझं घर चांगलं आहे, सूनबाई चांगली आहे, मुलं गुणी आहेत. पण मला इथंच राहू दे. किती दिवस राहिलेत ते या ओट्यावर काढू दे. दुसरं काही मागत नाही मी."

त्यांनी खरंच कधी काही मागितलं नव्हतं. त्यामुळे दादाने पुढच्या महिन्यात गाडीचं कर्ज काढलं. त्याच्या डोक्यावर फ्लॅटचं कर्ज आधीच होतं, हे मला माहीत होतं. म्हणून मी त्याच्याशी भांडताना थोडा आवाज खाली ठेवायचे. थोडाच.

कुठली गाडी, यावर मात्र आमचं एकमत होईना. छोटी पिकअप चढावर दम टाकते आणि तिला मागची सीट नसते. बाबांना डायलिसिसनंतर आडवं व्हावं लागतं. मोठी पिकअप वळणावर अडकणार. म्हणजे मधल्या मापाचीच हवी. मागे सीट असलेली, चारही चाकांना ताकद जाणारी, पोट जमिनीपासून चांगलं उंच, आणि हौद्यात पाण्याचे ड्रम आणि गॅसची टाकी मावेल अशी. अशा बाजारात दोनच होत्या, आणि दोन्ही बघायला आम्ही सगळे गेलो. मी, दादा, वहिनी आणि बाबा. बाबांना नेण्याची गरज नव्हती, पण ते म्हणाले, "गाड्या बघायला मला घेऊन जाणार नसाल तर आता माझा उपयोग तरी काय?"

पहिल्या शोरूममधली गाडी पांढरी होती. इतकी पांढरी की वहिनींनी पदराने हात पुसून मगच दाराला हात लावला. आत सगळी बटणं. चार चाकांसाठी डॅशबोर्डवर एक गोल कळ होती, शेगडीच्या कळीसारखी. फिरवली की झालं. विक्रेता उत्साही होता. गळ्यात टाय, हातात टॅबलेट, आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी "सर". दादालाच सर. गाडी मी चालवणार हे मी त्याला दोनदा सांगितलं, तर तो दोन्ही वेळा माझ्याकडे बघून हसला आणि दादाला उत्तर दिलं.

"परत विकायच्या हिशेबाने हिच्यासारखी गाडी नाही, सर," तो म्हणाला. "ही जुनी झाली तरी लोक हिच्यासाठी रांगा लावतात. तुम्ही साधारण किती वर्षं ठेवणार?"

प्रश्न साधा होता. तो बिचारा दिवसातून दहा जणांना तोच विचारत असणार. पण वहिनी फरशीकडे बघायला लागल्या. दादाने घसा साफ केला आणि म्हणाला, "म्हणजे... बघू. तसं काही नक्की नाही."

"अंदाजे, सर. त्यावर भाव ठरतो."

बाबा कोचावर बसले होते. त्यांच्यासमोर कोणीतरी थंड सरबताचा ग्लास आणून ठेवला होता आणि ते त्याला हात न लावता नुसते बघत होते, कारण त्यांना दिवसभरात प्यायचं पाणी ठरवून दिलेलं होतं.

"दोन धरा," बाबा म्हणाले. "दोन वर्षं म्हणजे खूप झाली."

विक्रेता खूष झाला. "वा! दोन वर्षांत काढणार असाल तर प्रश्नच मिटला. मग पांढराच घ्या, पांढऱ्याला मरण नाही."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. विक्रेत्याचा काही दोष नव्हता, त्याला काय कल्पना. राग आला तो बाबांचा. ज्या आवाजात त्यांनी दोन धरा म्हटलं, तो भाजीवाल्याला अर्धा किलो दे म्हणायचा आवाज होता. मी बाहेर जाऊन उभी राहिले. काचेतून दिसत होतं, दादाने बाबांच्या खांद्यावर हात ठेवला होता आणि दोघंही टॅबलेटमध्ये बघत होते.

दुसरी गाडी शहराच्या दुसऱ्या टोकाला होती. ती शेवाळी रंगाची आणि चेहऱ्याने अगदी ठोंब्या होती, एखाद्या रागावलेल्या काकासारखी. आत बटणं कमी. चार चाकांसाठी गिअरच्या शेजारी दुसरा एक लोखंडी दांडा होता, बाबांच्या डंपरला असावा तसा. शोरूमच्या मागे त्यांनी मातीचा एक चढ करून ठेवला होता आणि त्यावर पाइपने पाणी सोडलं होतं. मी दांडा ओढला. तो जड होता, खटकन बसला. गाडी त्या चिखलातून अशी वर गेली की पाय उचलून बसलेल्या वहिनीसुद्धा "अगंबाई" म्हणाल्या.

बाबा मागे बसले होते. त्यांनी डोळे मिटून घेतले होते आणि इंजिन ऐकत होते. "ही चढेल," ते म्हणाले. "हिला सांगावं लागणार नाही."

मला इतका आनंद झाला की मी गाडी थांबवून मागे वळून त्यांच्या गुडघ्यावर थाप मारली. माझं ठरलं होतं. दादाचं मात्र तोंड उतरलेलं. खाली उतरल्यावर तो म्हणाला, "चढेल गं, कोण नाही म्हणतंय? पण हे मॉडेल पुढच्या वर्षी बंद होतंय. सुटे भाग मिळणार नाहीत. नंतर हिला घेणार कोण?"

"नंतर म्हणजे?"

"नंतर म्हणजे नंतर."

"नीट सांग ना दादा. नंतर म्हणजे कधी? बाबा गेल्यावर, असंच ना? मग म्हण की तसं!"

पार्किंगमध्ये हे चाललं होतं. शोरूमचा एक रखवालदार आमच्याकडे बघत होता. वहिनी माझा दंड धरून म्हणाल्या, "ठमूताई, अहो हळू. बाबा ऐकतायत." ठमी हे मला बाबांनी लहानपणी ठेवलेलं नाव, आणि घरात अजून तेच चालतं.

"ऐकू देत. त्यांच्यासमोर किंमत काढायला लाज वाटली नाही, मग मला बोलायला का वाटावी?"

दादाचे डोळे भरून आले. तो रडका नाही, पण त्या दिवशी त्याचे डोळे भरले. "तुला काय वाटतं, मला हौस आहे? हप्ते मी भरणार आहे. गाडी नंतर कवडीमोलाने गेली तर माझी मुलं काय करतील? तू वर राहतेस, तुला बरं आहे बोलायला."

हेही खरंच होतं. खरं बोलणाऱ्याशी भांडताना फार त्रास होतो, कारण तोंड वाजवून काही उपयोग नसतो.

बाबा हळूहळू चालत आमच्यापर्यंत आले. डायलिसिस नसलेल्या दिवशी त्यांना बरं असायचं. "पांढरी घ्या," ते म्हणाले.

"बाबा, तुम्हीच म्हणालात ना ही चढेल म्हणून!"

"चढेल. तीसुद्धा चढेल, चालवणारी तू आहेस. ठमे, मी जाणार आणि गाडी राहणार. राहील ती तरी याच्या गळ्यात धोंडा व्हायला नको." मग ते दादाकडे वळून म्हणाले, "चला, भूक लागली."

मी हात टेकले. पांढरी गाडी घेतली.

त्या दिवसापासून आम्ही त्या गाडीला फुलासारखं जपलं, आणि जपणं दादाच्या नियमांनी चाललं. दार आपटायचं नाही. हौद्यात ड्रम ठेवायचे तर खाली माझी ताडपत्री दुहेरी घालून. ओढ्यातून गेल्यावर लगेच पोटाखाली पाणी मारायचं, चिखल वाळू द्यायचा नाही. सर्व्हिसिंग फक्त कंपनीत. आणि ती गोल कळ शक्यतो फिरवायचीच नाही.

"का?" मी विचारलं.

"उगाच आतल्या भागांची झीज. घेणारा माणूस पहिलं तेच विचारतो, गाडी डोंगरात किती नेली. दोन चाकांवर चढते ना? मग कशाला?"

कोरड्या दिवसांत ती दोन चाकांवर चढायची. थोडा वेग घेऊन, वळणावर श्वास रोखून, पण चढायची. चढावर दोन्ही बाजूंनी काटेरी झुडपं रस्त्यात आलेली होती आणि त्यांचे ओरखडे दारांवर उठणार म्हणून दादा रविवारी कुटुंबासकट वर यायचा, आणि आम्ही सगळे कोयते घेऊन झुडपं छाटत सुटायचो. वहिनी हातमोजे घालून यायच्या. मुलं तोडलेल्या फांद्या ओढून बाजूला करायची. बाबा ओट्यावरून ओरडून सांगायचे, अरे डावीकडची राहिली, अरे ती आत वाकलेली. एका माणसाने घरी राहावं म्हणून आम्ही रस्ता साफ करत होतो असं कोणालाही वाटलं असतं. आम्ही रंग वाचवत होतो. तरीही ते रविवार बरे गेले, हे मला मान्य करायला हवं. आई गेल्यापासून त्या घरात इतकी माणसं एकदम जेवली नव्हती.

दादाला गाडीच्या भावाचा नाद लागला. जुन्या गाड्या विकतात त्या साइटवर तो मोबाइलवर रोज बघायचा. आला की आधी किलोमीटरचा आकडा बघायचा, मग गाडीभोवती एक चक्कर मारायचा, आणि मग बाबांना विचारायचा, "कसं वाटतंय?" बाबा त्याला उलट विचारायचे, "माझं राहू दे. भाव काय म्हणतोय?"

"टिकून आहे, बाबा."

"मग झालं. घरात एकाची तरी तब्येत बरी आहे."

यावर तेच सगळ्यात जास्त हसायचे. त्यांचे पाय तेव्हा संध्याकाळपर्यंत सुजायला लागले होते आणि डायलिसिसवरून आल्यावर बोलायलाही त्यांना दम लागायचा. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं की आता एकही खेप चुकवू नका, यांच्या हृदयाला झेपणार नाही. मी डोळ्यांत तेल घालून वेळा सांभाळत होते. एकही चुकली नव्हती.

पावसाळा लागल्यावरसुद्धा सुरुवातीला जमलं. मग एकदा सलग इतका पाऊस झाला की डायलिसिसची एक खेप हॉस्पिटलनेच एक दिवस पुढे ढकलली, कारण त्यांच्याकडेच पाणी शिरलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी उघडलं. बाबांना मागच्या सीटवर उशा लावून बसवलं. त्यांचा चेहरा फुगलेला होता, श्वास वरवरचा चालला होता. आमच्या रस्त्याला एक गंमत आहे. खाली उतरायचं तरी आधी थोडं वर चढावं लागतं, घरामागून खाणीच्या काठाने, आणि मग तो लांब उतार लागतो. त्या छोट्या चढावर, घरापासून हाकेच्या अंतरावर, मागची चाकं नुसती फिरायला लागली.

मला भीती वाटली नाही. हीच ती वेळ, असं मनात आलं. याचसाठी तर ही कळ आहे. मी गाडी थांबवली, पुस्तकात लिहिलं होतं तसं सगळं केलं, आणि कळ फिरवली.

डॅशबोर्डवर चार चाकांचं चित्र लुकलुकायला लागलं. स्थिर व्हायला हवं होतं, ते लुकलुकतच राहिलं. मी कळ मागे घेतली, परत फिरवली. इंजिन बंद केलं, चालू केलं. थोडी मागे घेऊन पाहिली. चित्र लुकलुकतच होतं. मग मला राग आला आणि मी तसाच पाय दाबला. मागची चाकं ओरडली, गाडीचं ढुंगण सरकलं, आणि आम्ही तिरके होऊन रस्त्याकडेच्या चरात जाऊन बसलो.

"ठमे," मागून बाबा म्हणाले, "सोड. पाय काढ. खोल जाईल."

मी पाय काढला. मग मी दादाला फोन लावला, क्रेनवाल्याला लावला, हॉस्पिटलला लावला. क्रेनवाल्याने ओढ्यापर्यंत येऊन वर बघितलं आणि काखा वर केल्या. हॉस्पिटलची गाडी डांबरावर थांबली. बाबांच्या श्वासाचा आवाज बदलला होता. मी मागे जाऊन त्यांना उभं धरून बसले आणि रडायला लागले. मला रडायचं नव्हतं. मी शाळेची चाळीस पोरं एका गाडीत सांभाळलेली बाई आहे, पण त्या वेळी तोंडातून हुंदकेच बाहेर येत होते आणि त्यांच्या शर्टाची बाही मी घट्ट धरून ठेवली होती. बाबा माझ्या डोक्यावरून हात फिरवत होते. श्वास त्यांना पुरत नव्हता आणि धीर ते मला देत होते.

शेवटी खालच्या वस्तीतले चौघे जण वर आले. त्यांनी आमच्या घरातली खुर्ची आणली, बाबांना चादरीने खुर्चीला बांधलं, आणि चिखलातून, पावसातून खाली उतरवलं. एक जण दोनदा घसरला. मी छत्री धरून शेजारून चालत होते आणि छत्री कोणाच्याच डोक्यावर नव्हती.

बाबा वाचले. अतिदक्षता विभागात बरेच दिवस होते, पण वाचले. डॉक्टर म्हणाले, हृदय आता पूर्वीसारखं राहणार नाही.

गाडी पुढे ऊन पडल्यावर भाड्याचा ट्रॅक्टर आणून ओढून काढली आणि कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला नेली. मी आणि दादा दोघंही गेलो. तिथला इंजिनिअर संगणकावर बघत म्हणाला, "तुम्ही फोर बाय फोर कधी लावलंच नाही का?"

"नाही," दादा म्हणाला. "एकदाही नाही. अगदी नवी ठेवलीय."

"तेच झालं. त्याची छोटी मोटर असते, वापरली नाही की जाम होते. मधूनमधून लावत राहायचं असतं. पुस्तकात आहे तसं. काळजी करू नका, गॅरंटीत बसेल."

मी पुस्तकात कळ कशी फिरवायची तेवढं वाचलं होतं. दादाने तेही वाचलं नव्हतं. दादा काउंटरला धरून उभा राहिला. मला वाटलं होतं, असं काही निघालं तर मी त्याला सोलून काढीन. बोलायला माझ्याकडे शब्दांचा तोटा कधीच नसतो. पण त्याचा चेहरा बघितला आणि मला ते जमलं नाही. त्याला बाबा वाचवायचे होते आणि आपलं घरही वाचवायचं होतं, आणि त्याने दोन्हीसाठी एकच गोष्ट केली होती. नियम त्याचा होता आणि पाळला मी होता.

"मी सांगितलं होतं तुला," तो म्हणाला. "फिरवू नकोस म्हणून मीच सांगितलं होतं."

"चल," मी म्हटलं. "त्यांना जेवण द्यायची वेळ झाली."

बाबांना हॉस्पिटलमधून दादाच्या फ्लॅटवर आणलं होतं. पाचवा मजला, मुलांची खोली. भिंतीवर ग्रहांची चित्रं चिकटवलेली आणि पलंग लहान, त्यामुळे बाबांचे पाय बाहेर यायचे. खिडकीतून समोरच्या इमारतीच्या खिडक्या दिसायच्या. वहिनींनी सेवेत काही कसर ठेवली नाही. मुलांनी टीव्ही आवाज बंद ठेवून बघायची सवय लावून घेतली. कोणी वाईट वागलं असतं तर मला भांडता तरी आलं असतं.

गाडी दुरुस्त होऊन आली त्या दिवशी मी त्यांच्या पलंगाशी बसले. "बाबा, आता मी दर आठवड्याला ती कळ फिरवणार. रोज फिरवणार. मी आज करून बघितलं, चित्र लगेच स्थिर होतं. पाऊसही संपत आलाय. चला घरी."

त्यांनी बाहेर आलेले पाय पलंगावर ओढून घेतले. मग म्हणाले, "नको."

"का? तुम्हीच म्हणालात ना, ओट्यावर..."

"म्हणालो होतो. मला वाटलं होतं मी वर बसून राहीन आणि एके दिवशी संपेल. मला तेवढंच दिसत होतं, माझं. त्या गाडीत तू माझी बाही धरून रडत होतीस ना, ते मी विसरू शकत नाही. परत तसं झालं तर? परत तू, परत तो चढ. मी ते नाही बघू शकत, ठमे. इथं मेलो तर निदान तुम्ही सगळे कोरडे असाल."

मी खूप बोलले. ओरडले, विनवलं, वर राहायला एक परिचारिका ठेवू म्हटलं, ओढ्यावर साकव बांधून घेऊ म्हटलं. दादासुद्धा म्हणाला, "बाबा, जा तुम्ही. हप्त्यांचं मी बघतो, गाडी भंगारात गेली तरी चालेल." तो मनापासून म्हणाला. पण आता उशीर झाला होता. बाबा नुसते मान हलवत राहिले. आधी त्यांनी एकच मागितलं होतं आणि आता तेही मागत नव्हते.

मग गाडी ठेवण्यात काही अर्थ राहिला नाही. दादाने तिचा फोटो टाकला, आणि विक्रेता खोटं बोलला नव्हता, दुसऱ्याच दिवशी फोन यायला लागले. रविवारी एक जण बघायला आला. लग्नसमारंभांचे मांडव घालण्याचा त्याचा धंदा होता, अंगाने जाडजूड, बोलायला गोड. सोबत त्याची बायको होती. बाबा म्हणाले, मीपण खाली येतो. त्यांना पार्किंगमध्ये खुर्ची टाकून दिली. घरातून खाली येण्याचं त्यांना आता तेवढंच निमित्त होतं.

त्या माणसाने गाडीभोवती चक्कर मारली. वाकून पोटाखाली बघितलं, दारं उघडली, हौद्यात हात फिरवला. बायको मागच्या सीटवर बसून बघत होती, जिथे बाबांच्या उशा असायच्या.

"एकदम नवीच आहे हो," तो म्हणाला. "एक ओरखडा नाही. मग विकताय कशाला?"

"गरज राहिली नाही," दादा म्हणाला.

"बरोबर. आणि एक विचारतो, राग मानू नका. माझ्या ओळखीच्याने अशीच एक घेतली, वरून चकाचक होती, आतून सगळी खिळखिळी. मालकाने डोंगरात घातली होती. ही कधी खडकाळ रस्त्याला, चढाला वगैरे नेली नाही ना? वर कोणी राहतं का तुमचं?"

दादाने माझ्याकडे बघितलं. मी तोंड उघडलं. मी खरं बोलणार होते. घेतली होती ती चढासाठीच, आम्ही रोज वर राहायचो, आमचं घर आहे तिथे, असं सगळं माझ्या जिभेवर आलं होतं. दादाने नजर खाली घातली. त्याने मला अडवलं नाही.

"नाही हो," बाबा खुर्चीतून म्हणाले. त्यांचा आवाज अगदी नेहमीचा होता, भाजीवाल्याशी बोलायचा. "डोंगरात आमचं कोणी नाही."

तो माणूस समाधानाने हसला आणि दादाशी हात मिळवून त्याने तिथल्या तिथे सौदा पक्का केला. मी गाडीच्या किल्ल्या त्याच्या बायकोच्या हातात दिल्या.